चौथ्या खेपेला लाथ

...नाही, मी म्हणतो, एक वार! एक वार म्हणजे किती हो? माझ्या बायकोचा, व्हर्नाचा, स्वयंपाकाचा ओटासुद्धा त्याहून लांब आहे! तेवढंच पुढं सरकायचं होतं, आणि आमचा हा डेल ब्रँडस्टेटर, कॉर्लिस शाळेचा फुटबॉलचा कोच, वीस-बावीस वर्षं त्याच टोपीत उभा आहे, यानं काय केलं? चेंडूला लाथ घालून तो देऊन टाकला! कुणाला? वेलबर्गला! शेजारच्या वेलबर्गला हो!... तुम्हाला सांगतो, पाणी मुरतंय. कुठंतरी नक्की पाणी मुरतंय.

आता हा आमचा अमेरिकन फुटबॉल काय फार अवघड आहे? चेंडू काखोटीला मारायचा आणि पळायचं. चार खेपा मिळतात, त्यात दहा वार सरकलात की पुन्हा चार. तीन खेपांत नाही जमलं तर चौथीला छातीठोक घुसायचं, नाहीतर चेंडू लांब लाथाडून समोरच्याच्या हवाली करायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. आमचा डेल कायम देवाचं नाव घेणारा! पहिल्या खेपेला मधून घुसव. दुसरीला मधून घुसव. तिसरीला?... मधूनच! पलीकडच्या बाकावरची म्हातारी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ती ओरडते, "मधून येतोय रे, मधून!" आणि चौथीला लाथ. मध्यंतराआधी वेळ शिल्लक, चेंडू आमच्या हातात, आणि हा पोराला सांगतो काय, "गुडघा टेक, वेळ जाऊ दे." गुडघा टेक? मैदान आहे की चर्च? खेळ थांबवायच्या तीन सवलती मिळतात, त्यातल्या दोन हा दर सामन्याला खिशात घालून घरी नेतो. काय करतो त्यांचं? मुरंबा घालतो?

आणि हा काही साधा सामना नव्हता. पुढच्या वर्षी आमची शाळा बंद. बोर्डवाले 'एकत्रीकरण' म्हणतात, मी बंदच म्हणतो. पोरंच उरली नाहीत, अकरा जमेनात म्हणून आम्ही आठ-आठ जणांत खेळतो. आता आमची पोरं बसमध्ये बसून वेलबर्गला जाणार आणि त्यांचे हिरवे सदरे घालणार! म्हणजे कॉर्लिस-वेलबर्ग हा शेवटचा सामना. आमच्या आज्याच्या वेळेपासून जिंकणाऱ्या गावाकडं एक दुधाचा कॅन असतो, जुना, पोचे पडलेला, गळका. यंदा जिंकेल त्याचा तो कायमचा. आता आमच्या गावात उरलंय काय हो? धान्याचं कोठार, एक चर्च आणि तो कॅन!

बरं, एकत्र झालेल्या शाळेला कोच एकच लागणार ना? नेमणार कोण? बोर्ड. बोर्डात माणसं जास्त कुणाची? वेलबर्गची! आता तुम्हीच जुळवा. शिवाय हा डेल केस कापायला वेलबर्गला जातो! आपल्या गावात न्हावी असताना! त्याचे हात थरथरतात, मान्य, माझा कान दोनदा कापलाय त्यानं, पण निष्ठा म्हणून काही चीज आहे की नाही? हे मी व्हर्नाला सांगितलं तर ती म्हणते, "ओटो, मागं तू पोस्टमनवरपण संशय घेतला होतास." घेतला होता! का घेऊ नये? एवढं हसायला काय झालंय त्या माणसाला? आणि ही तरी कुठली? माहेर वेलबर्ग! अख्खा जन्म माझ्या घरात गेला, पण सामन्याच्या दिवशी नेमका हिरवाच स्कार्फ सापडतो हिला... पाणी मुरतंय!

तर शुक्रवारी. आईबाप बसतात बाकांवर, आम्ही म्हातारी मंडळी कुंपणाला पिकअप टेकवून आतूनच बघतो, हीटर लावून, मांडीवर चिलीचा, म्हणजे खिमा-राजम्याच्या रश्शाचा, वाडगा, हातात दालचिनीचा रोल. आपल्याला गुण मिळाला की हॉर्न वाजवायचा. पण आपला डाव असताना, खेप सुरू व्हायच्या आधी? चूं नाही करायचं! पोरं हाकेवर उठतात, आधी हललं की दंड; ती हाक ऐकू गेली पाहिजे. हे शेंबड्या पोरालाही कळतं.

दोन गुणांनी मागं. वेळ थोडा. मैदानाच्या मधोमध चौथी खेप, एक वार बाकी. मी म्हटलं, "व्हर्ना, बघ, आज तरी..." आणि बघतो तर लाथ मारणारा पोरगा मागं जाऊन उभा! झालं! डोकंच फिरलं माझं. चिली सांडली, आणि माझं कोपर, मुद्दाम नाही म्हणत मी, कोपर हॉर्नवर पडलं. पडलं ते पडूनच राहिलं! आता माझ्या गाडीला हॉर्न आहे मालट्रकचा. मैदानावर आमच्या पोरांच्या रांगेतलं एक धूड, अख्ख्या मोसमात जागचं हललं नव्हतं हो, ते दचकून हाकेआधीच उडालं पुढं! पंचानं पिवळं फडकं फेकलं. दंड पाच वार. एकाचे झाले सहा. मग मारली लाथ डेलनं. वेलबर्गवाल्यांनी चेंडू पोटाशी धरून वेळ संपवला. कॅन गेला.

व्हर्ना शांतपणे म्हणाली, "ओटो, कोपर काढ आता."

सोमवारी कोठारावर कॉफीला गेलो. आमच्या कॉफीच्या टोळक्यातला आर्लो तोंड पाडून बसलेला. म्हणाला, "माझा नातू होता ना त्या आठांत. अरे, एक वार होतं तेव्हा लाथ मारायचीच नव्हती! तो पोरगा नुसता दाखवायला उभा केला होता. चेंडू माझ्या नातवाच्या हातात जायचा होता. उन्हाळाभर कोठाराच्या मागं लपून घोटली ती चाल. वेलबर्गवाले सगळे लाथेच्या भरवशावर मागं सरकले होते. मोकळं रान होतं, ओटो, मोकळं रान!"

आता मला सांगा! वीस-बावीस वर्षं जो माणूस सशाचं काळीज घेऊन उभा राहिला, त्याला नेमकी तेव्हाच मर्दुमकी कशी सुचली? आणि सुचली तर गावाला कळवायला नको? माणसानं अंदाज बांधायचा तरी कशाच्या जिवावर? हे संशयास्पद नाही?... मी आर्लोला हे सांगणारच होतो, तेवढ्यात दार उघडून डेलच आत आला. केस नुकतेच कापलेले! कप भरला. मग आर्लो पचकलाच. "कोच, तो हॉर्न मेला कुणाचा होता?"

अहो, अख्ख्या नेब्रास्कात तसा रेडा दुसऱ्या कुठल्या पिकअपमध्ये रेकत नाही! खिडकीबाहेरच उभी होती माझी गाडी. डेलनं खिडकीकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मी रोलमध्ये तोंड खुपसलं. मनात म्हटलं, संपलास ओटो, आता या गावात कोण तुला कॉफी पाजतं!

डेल म्हणाला, "कोण जाणे, आर्लोकाका. कल्ला केवढा होता, काय कळतंय त्यात?" कप विसळला, टोपी घातली, गेला.

समोर मोकळं रान, एकच वार बाकी... आणि या बाबानं पुन्हा चेंडू लांब लाथाडून दिला! आणि तुम्हाला सांगतो, वीस-बावीस वर्षांत पहिल्यांदा मी पुटपुटलो, "बरं केलंस रे, डेल."