जाळीवरचे डॉक्टर

कुमासीच्या दवाखान्यात बाळंतिणींच्या खोलीत सेरवाबाई नातसुनेच्या उशाशी बसल्या होत्या. दोन दिवसांचं बाळ घामानं चिंब झालं होतं. समोरच्या भिंतीवर त्यांच्या भावाच्या, इथल्या दिवंगत मोठ्या डॉक्टरांच्या, अंत्यविधीची खबर देणारं, फोटोसकट पुरुषभर उंचीचं पोस्टर होतं. त्याखाली व्यवस्थापक दांक्वा एसीवाल्या अफ्रियेला झापत होता.

"तुला जमत नसेल तर दुसरा माणूस बोलावतो."

"मशीन ठणठणीत आहे, साहेब. खोलीतली गरम हवा परत ओढून घ्यायची जाळी तुम्ही बुजवलीत. ही हवा निघाल्याशिवाय गार हवा शिरणार कुठून?"

"मी बुजवली?"

"तुमच्या पोस्टरनं. त्याच्या मागेच आहे जाळी."

"त्यांना जाऊन वर्ष भरेपर्यंत पोस्टर हलणार नाही. डॉक्टरांच्या घरचे काय म्हणतील? त्यापेक्षा मोठं मशीन बसव."

"नाक दाबलेल्या माणसाला मोठ्या पंख्यापुढे बसवलंत, तरी तो गुदमरणारच."

"जीभ फार चालते तुझी."

"पानाही चालतो. चालवू दिलात तर."

"आधी घरच्यांची परवानगी आण."

"घरच्यांना तुम्ही तरी विचारलंत का?"

"असलं कोणी विचारतं?"

सेरवाबाई उठल्या.

"दांक्वा, पोस्टरवर घरच्यांची नावं छापलीत ना? पहिलं वाच."

"आफुआ सेरवा. थोरली बहीण."

"ती मीच. माझ्या भावाच्या नावानं बाळं उकडू नकोस. शिडी धर."

दांक्वानं शिडी धरली.