शेरूसाठी स्वस्त कुंपण

आमचा शेरू बागेतून रोज निसटायचा आणि शेजारच्या मालतीकाकूंच्या ओट्यावर जाऊन बसायचा. काकू एकट्याच राहतात. रोज मला ऐकवायच्या, "दिलीप, तुझ्या कुत्र्यानं परेशान केलंय बाबा."

मला ओशाळं वाटायचं. तारेची जाळी परवडेना, म्हणून भावाच्या केळीच्या मळ्यातून ठिबकच्या जुन्या नळ्या आणल्या, बांबूंमधून आडव्या विणल्या आणि खाली बोरीच्या काट्या दाबल्या. बायको म्हणाली, "असीरगडच बांधलात की."

शेरू दोन दिवस काकूंच्या घराकडे बघून कुंईकुंई करत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी काकूच फाटकापाशी आल्या.

मी विचारलं, "आता त्रास नाही ना, काकू?"

त्यांनी पदराखालची वाटी पुढे केली. "दूध-पोळी उरली होती."

"रोज उरते?"

"त्याच्या वाटची करतेच मी," त्या हळूच म्हणाल्या. "दोन दिवस घर कसं खायला उठलं होतं."

मी आतून विळा आणला आणि त्यांच्या बाजूच्या नळ्या कापायला बसलो. काकू शेजारी उभ्या राहून बघत होत्या.

"जरा मोठं काप, दिलीप," त्या म्हणाल्या, "माझ्याकडचं खाऊन जाड झालाय तो."