काष्टीत आल्यावर कुणालाही विचारा

...आन् वर मलाच म्हनती, "काका, सोपं लिहा!" आता तुमीच सांगा मंडळी, मी अवघड कधी लिहिलं? सगळ्या श्रीगोंदा तालुक्यात इचारा, बन्सी निवेदक कोन म्हनून! लग्न कुनाचंबी असू द्या, मांडवात माईक कुनाच्या हातात? ह्या बन्सीच्या! "आत्ताच मंडपामध्ये आगमन झालेले आहे वराचे चुलत आजोबा, सहकारातील जाणते व्यक्तिमत्त्व..." असं म्हनलं की ज्या म्हाताऱ्याला घरात कुनी चहा इचारत न्हाई, ते फेट्याला हात लावून असं ताठ व्हतंय, असं ताठ व्हतंय! नाव राहायचं न्हाई कुनाचं, ही आपली विद्या. एक मामा राहू द्या, मग बघा. त्यो अक्षता तशाच खिशात घालतो आन् गाडीला किक मारतो, आन् निम्मं वऱ्हाड त्याच्या मागं पळतंय, "मामा, जेवून तरी जा! मामा, जेवून तरी जा!" अशा मानसाला, तुमाला सांगतो, ती पोरगी म्हनती सोपं लिहा!

पोरगी कोन? थांबा, सांगतो की. आमची सून दिशा, लई हुशार, तिनं मळ्यात कागदी लिंबाची रोपवाटिका टाकली. रोपं काय आलीत म्हनता! नजर लागंल. पन काष्टीत लिंबाची रोपं घ्यायची कुनी? ज्याच्या त्याच्या रानात लिंबोनीची बाग! गिऱ्हाईक पाहिजे बाहेरचं, आन् पावसाळा तर तोंडावर आलेला. लागनीच्या दिवसांत रोपं गेली तर गेली, न्हाईतर पिशवीतल्या पिशवीत मुळ्या गोल गोल गुंडाळत्यात आन् सूनबाईची सगळी मेहनत उकिरड्यावर. म्हनून दिशा म्हनली, "आबा, वेबसाईट करू. भिंगारची मोनिका माझ्या कॉलेजातली, ती बनवून देती. मजकूर तेवढा तुमी लिहा, तुमचा हात चालतो."

हात चालतो म्हनल्यावर मी काय थांबतोय? चष्मा लावला आन् सुरू! "सुस्वागतम्! सुस्वागतम्! सुस्वागतम्! कुलस्वामिनीच्या असीम कृपेने व थोरामोठ्यांच्या शुभाशीर्वादाने..." मग आमचे प्रेरणास्थान, मग मार्गदर्शक, मग समस्त भावकी, मग मामेकुळी, व्याही मंडळी, मित्रपरिवार, आन् खाली नातवंडांची किलबिल, "आमच्या मम्मीच्या लोपवातिकेला यायचं हं!" आन् ते फोनचं बटन असतं ना, दाबायचं, त्याच्यावर "कृपया आपल्या करकमलांनी ही कळ दाबून आम्हांस उपकृत करावे." वाचून माझ्याच डोळ्यात पानी आलं.

त्याच पोरीचा, मोनिकाचा फोन आला. "काका, वाचलं. छान आहे. पण काका... लिंबू कुठंय?"

म्हनलं, येतंय की! आधी मान्यवर येतील, मग लिंबू येईल. नवरदेव काय मांडवात सगळ्यांच्या आधी येतो व्हय?

"काका, वाचणारा तोपर्यंत थांबत नाही हो. दोन ओळी बघतो आणि जातो."

जातो? कुठं जातो? न जेवता जातो?

"काका, तिथं जेवण नसतं."

जेवन न्हाई तर मानूस आलाच कशाला? आन् आलाच हाय तर त्याला आल्या आल्या काय म्हनायचं, "हे घे रोप"? रामराम न्हाई, श्यामश्याम न्हाई! मी म्हनलं, बाई, मला कळंना झालंय. तर ती म्हनली, "सोप्पंय काका. एक माणूस डोळ्यापुढं आणा आणि त्याच्यासाठी लिहा."

आनला. डोळे मिटले आन् डोळ्यापुढं कोन यावं? आमचा मेहुना, हनुमंत! चौकात पंक्चरचं दुकान हाय त्याचं. रुसवा तर असा की कुनी उशिरा रामराम घातला तरी दोन सन बोलायचा न्हाई. मग काय, हनुमंतासाठी लिहायचं म्हनल्यावर मी त्याचं नाव धा वरून तीन नंबरला घेतलं. मोनिका म्हनली, "काका, मेहुणे नको. ज्याला रोपं घ्यायचीत असा माणूस. तो रोपवाटिकेत आला तर काय विचारतो?"

म्हनलं, इचारतो की, रोप केवढंय, कलमी हाय का बियाचं, फळ कवा धरतं, गाडी बांधापर्यंत येती का...

"मग झालं! हेच लिहा. जसं बोललात तसंच."

हेच लिहा? अवो, हे तर बोलनं झालं, ह्यात लिहिनं कुठाय? मी बोलतो तसं लिहीत न्हाई, लिहितो तसं माईकवर बोलतो, आन् माईकवर बोलतो तसं घरात बोललो तर बायको भाकरी द्यायची न्हाई! मग मी सोपं लिहू म्हंजी कोनचं लिहू? सोपं लिहा म्हनं!

तर तिनं लावली कात्री. "लागवडीला तयार कागदी लिंबाची रोपं. काष्टी, तालुका श्रीगोंदा. फोन करा." संपलं! मान्यवर गेले, भावकी गेली, किलबिल गेली. ज्या हनुमंतानं उन्हाताना ठिबकच्या नळ्या अंथरल्या, त्याचंबी नाव गेलं. आमची पुष्पावती कमरेवर हात ठेवून हुबी, "माझ्या भावाचंच नाव बरं राहिलं!" अगं, सगळ्यांचंच गेलंय! "सगळ्यांचं जाऊ द्या. माझ्या भावाचं कसं गेलं?"

शेवटी मोनिका म्हनली, पत्ता काय टाकू? नकाशा टाकला हुता तिनं, पन त्यो नकाशा मानसाला नेतो पाटाच्या पल्याड आन् सांगतो, आलं ठिकान! ठिकान समोर दिसतंय, मधी पानी, आन् पूल न्हाई! मी म्हनलं, बाई, सगळं कापलं, ही एक ओळ माझी राहू दे. सोपी हाय. "काष्टीत आल्यावर कुणालाही विचारा." ती म्हनली, "काका, हा पत्ता नाही." म्हनलं, आमच्यात ह्यालाच पत्ता म्हनत्यात. बिचारीनं ठेवली.

आन् गिऱ्हाईक आलं की वो! आष्टीकडचा मानूस, रिकामा पिकअप घेऊन, बाजारच्या दिवशी. चौकात उतरला आन् लिहिल्याबरहुकूम इचारलं. कुनाला? पंक्चरच्या दुकानात! "दादा, लिंबाची रोपवाटिका कुठंशी?"

हनुमंतानं म्हनं हातातला टायर खाली ठेवला. "कुठं वाचलं?" "वेबसाईटला." "त्यात माझं नाव दिसलं का?" "न्हाई बा." "मग मला कसं माहीत असंल?"

गडी पुढं गेला. दुसऱ्याला इचारलं, तर हनुमंत दुकानातनं वरडतोय, "असली रोपवाटिका आपल्याकडं न्हाई! मी पाव्हना हाय त्यांचा, मला माहीत न्हाई तर तुला कुठनं?" त्यानं फोन लावला, तर दिशा रोपांना पानी देत हुती आन् फोन घरात. घोगरगावापर्यंत माघारी गेल्यावर लागला फोन. "ताई, तुमच्या गावालाच तुमी माहीत न्हाई, मी काय भरोसा धरू?"

दिशानं मला एक पिशवी उलटी करून दाखवली. खालनं मुळ्या बाहेर आल्या हुत्या. लेकीवानी पोरगी, सकाळच्या पारी उठून एकेका रोपाशी बोलती, आन् तिचं गिऱ्हाईक माझ्या मेहुन्यानं माघारी लावलं!

गेलो चौकात. हनुमंत म्हनतो, "मी खोटं बोललो का दाजी? नाव न्हाई म्हंजी संबंध न्हाई." लग्नात मीच तर हे शिकवलंय सगळ्यांना!

मोनिकाला फोन केला. एक नाव घाल बाई. "काका, वाचणाऱ्याला त्याचा काय उपयोग?" उपयोग? अगं, रस्ता त्याच्या तोंडात हाय! तवा म्हनली, "मग बरोबर आहे. वाचणाऱ्याच्या कामाचं असेल तर टाकू." आन् टाकलं, "काष्टी चौकात हनुमंतराव यांच्या पंक्चरच्या दुकानात विचारा."

मग छबूआक्का आली, आमची थोरली बहीन, पाटाकडं ऱ्हाती. "मेहुना वेबसाईटीवर चढला, आन् सख्खी बहीन काय उघड्यावर पडली?" टाका! "तिथून पाटाजवळ छबूबाई यांना विचारा." मग शेनखत देनारा आसाराम आला. टाका! खरं सांगू का, चौकातनं मळा नाकासमोर हाय, आंधळाबी येईल. पन आता आमच्या वेबसाईटीपरमानं गिऱ्हाईक आधी पाटाकडं जातंय, मग उलटं आसारामच्या वस्तीवर, मग मळ्यात. आन् ज्याचं नाव छापून आलंय त्यो पाव्हन्याला कोरडा सोडंल व्हय?

त्या आष्टीवाल्याला हातापाया पडून परत बोलावला. सकाळी चौकात उतरलेला मानूस दुपार कलल्यावर आला बघा मळ्यात! पन आला. रोपं बघितली, उलटीपालटी करून बघितली, आन् म्हनला, "भरा, सगळी भरा." दिशाच्या तोंडावर असं हसू! पळत आली, "दादा, बसा ना, चहा टाकते."

गड्यानं दोन्ही हात जोडले. म्हनला, "ताई, नुस्ती रोपं द्या. तुमच्या वेबसाईटीवरचे सगळे चहा मी पिऊन आलोय."