नैरोबी ते लागोस, तीन तासांत

हसू नका, पण परवा मी नातीला विमानात बसू देत नव्हतो. ईशा कामासाठी नैरोबीहून लागोसला निघाली होती. तिकिटावर सुटायची वेळ नऊ, पोचायची बारा. अंतर अडतीसशे किलोमीटर. म्हणजे विमान आवाजापेक्षा जोरात जाणार! मी ब्रिस्टलहून घाबरून फोन केला, "ईशा, बसू नकोस. तिकीट खोटं आहे."

"आजोबा, लागोसचं घड्याळ नैरोबीच्या दोन तास मागे असतं. फ्लाइट पाच तासांची आहे."

जन्मभर फिजिक्स शिकवलं मी. म्हटलं, "माझं डोकं चालेनासं झालंय गं."

"काहीतरीच! उन्हाळ्यात लागोस आणि ब्रिस्टल सेम टाइम. तुमच्याच घड्याळात बारा वाजले की मी लँड होते. लगेच रिंग करते."

फोन बारा वीसला आला. त्या वीस मिनिटांत एकही गणित उपयोगी पडलं नाही.