उजवीकडचा स्पीकर

चारकोपच्या बसच्या रांगेत उत्तराच्या पुढे एक जोडपं उभं होतं. नवऱ्यानं स्पीकरचा खोका छातीशी धरला होता.

“दुकानदार खोटं बोलतो गो. म्हणे, चांगला आहे. उजवा स्पीकर वाजतच नाही.”

“वाजतो.”

“काय?”

“वाजतो म्हटलं! घरीपण वाजत होता.”

“मग दोन्ही स्पीकरांच्या मधे बसून मला एकाच बाजूनं का ऐकू येतं? पहिलाच स्टिरिओ, वायर चुकली असेल माझी.”

“काल तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा मी दोन्ही स्पीकरांची अदलाबदल केली.”

“मग?”

“बाहेर येऊन तुम्ही म्हणालात, उजवा अजून मुकाच.”

उत्तरा नकळत अर्धं पाऊल मागे सरकली.

“उजव्या कानाशी इतकी वर्षं माग खडखडत होता. गिरणी बंद पडली तेव्हा वाटलं, आवाजातून तरी सुटलो. आता निवांत गाणी ऐकू.”

“डावा कान आहे ना अजून?”

तो काहीच बोलला नाही. त्याच्या डाव्या हाताला येऊन तिनं पुन्हा विचारलं.

“मघाशीच ऐकलं गो. त्यातही हल्ली भुंगा घुमतो. तुला सांगणार नव्हतो.”

“द्या तो खोका इकडे. बस आली.”