चिंचेच्या मुळाचं माहेर

तुम्ही हसाल, पण माझी पीएचडी एका बुरशीनं बुडवायला घेतली होती. ती झाडाच्या मुळांत राहते, नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत न्हाई, म्हणून डीएनए काढायचा. मुडबी गावातल्या एका चिंचेच्या मुळांत जी सापडली, ती हुबेहूब लांबच्या ठाणाकुशनूर गावातल्या नमुन्यासारखी निघाली. मुडबीत दुसरीकडं कुठंच न्हाई! सर भडकले, "नळ्यांची अदलाबदल केलीस!" मी तीनदा परत केलं, तीनदा तेच.

शेवटी त्या चिंचेच्या मालकिणीकडं, म्हाताऱ्या आक्काकडं गेलो. सावलीत बसून सगळं सांगितलं.

"मग चुकलं कुठं?" आक्का म्हणाली. "मी ठाणाकुशनूरचीच की. लग्नात आईनं हे रोप मातीसकट माझ्या ओटीत घातलं हुतं."

म्हणजे ती बुरशी आक्कासंगं नांदायला आली होती! वर पानं हलायलीत, ऊन अंगावर सांडायलंय. आक्कानं मुळाजवळची माती थोपटली.

"चाळीस वर्सं झाली इथं येऊन. माझं माहेर कोणतं, कुणी इचारलं न्हाई. हिचं तरी इचारलंस, बाबा."