पाठमोरीची शिल्लक

...आणि वारा तरी कसला सुटावा त्या दिवशी! सकाळपासून नुसता घोंघावतोय, रस्त्यावरची धूळ उचलून थेट कचेरीत आणून टाकतोय, टेबलावर बिलांच्या चळती, चळतीवर काहीतरी जड ठेवायचं म्हणून पेपरवेट संपले, मग कुलूप झालं, मग पाण्याचा तांब्या झाला, शेवटी मालकांनी चष्मा काढून ठेवला एका चळतीवर आणि मग त्यांना चळतच दिसेना! खिडकी लावावी तर जीव घुसमटतोय, उघडावी तर वर्षभराचा हिशेब छपराला चिकटतोय, आणि मी म्हातारा माणूस दोन्ही हात पसरून विजेच्या बिलांवर ओणवा... का? तर वर्ष बंद करायचं होतं ना!

अहो, वर्ष काय दार आहे का, कडी घातली की बंद? सत्तर वर्षं बघतोय मी, वर्ष आपलं आपण येतं, आपलं आपण जातं. पण कंपनी म्हटली की ते बंद करावं लागतं म्हणे. कंपनी तरी केवढी? पुस्तकं छापून विकायची, दोन खोल्या, मागं गोदाम, आणि माणसं अडीच. मालक एक, मी एक, आणि कारकून अर्धा... म्हणजे माणूस पुरा आहे हो, येतो अर्धाच दिवस.

गोदाम माझ्याकडे. तुम्हाला सांगतो, मला अक्षर येत नाही. आकडा येतो. शंभरापर्यंत, हजारापर्यंत, हवं तर लाखापर्यंत मोजून देतो, पण पुस्तकावर काय लिहिलंय विचारलंत तर मी आपला छपराकडे बघणार. मग मी काय केलं, पुस्तकांना आपली नावं ठेवली. एका आत्मचरित्राच्या कव्हरवर टक्कल आहे, तो टकल्या. जाडजूड शब्दकोश, त्याला म्हणतो गाढव, कारण ओझं. स्वयंपाकाचं एक पुस्तक आहे, ते लक्ष्मी, त्याच्यावर तर आमचे पगार होतात. आणि एक पाठमोरी. वाळक्या झाडाखाली एक बाई पाठ करून उभी, तोंड काही दाखवत नाही. ते कवितांचं पुस्तक. आणि कविता कुणाच्या? खुद्द मालकांच्या!

आता इथंच तर सगळी गोम आहे. ऐका.

अकरा वर्षांपूर्वी पाठमोरी छापली, पाचशे प्रती. वर्षाअखेरीला मोजणी असते, गोदामात काय उरलं ते मी सांगायचं, मालक लिहून घेणार, ऑडिटर सही करणार. टकल्या दोनशे दहा, लिहिलं. गाढव नव्वद, लिहिलं. पाठमोरी? मी म्हटलं, "चारशे सत्त्याण्णव." मालकांचं पेन थांबलं. म्हणाले, "काका, नीट मोजा." नीट मोजली. चारशे सत्त्याण्णव. "काका, दोन गठ्ठे चिकटले असतील." सुतळ्या सोडल्या, एकेक मोजली. चारशे सत्त्याण्णव! अहो, मोजून मोजून पुस्तक कमी होतं का? तीन गेली होती, त्यातलं एक त्यांच्या सासूबाईंनी घेतलेलं. मालकांनी आकडा लिहिला, आणि तुम्हाला सांगतो, त्या दिवशी त्या माणसानं दुपारी डबा उघडला नाही. नुसता समोर ठेवून बसला. डब्याची कडी काढायची, लावायची. काढायची, लावायची...

मला बघवेना. काय करणार?

पुढच्या वर्षी मोजणी आली. पेन थांबलेलं, नजर माझ्याकडे. आणि माझ्या तोंडातून गेलं, "साडेचारशे." गेलं म्हणजे गेलं! मालकांचा चेहरा असा फुलला, असा फुलला... "म्हणजे सत्तेचाळीस गेली? काका, मी म्हणत होतो ना, कविता हळूहळू पोचते!" आणि चहा मागवला, स्वतःच्या हातानं मला कप दिला. तो चहा घशाखाली उतरतोय आणि मी विचार करतोय, आता सत्तेचाळीस पुस्तकं घालवायची कुठं? खोटं बोलायला अक्कल लागत नाही हो, ते ठेवायला जागा लागते!

नेली घरी. आठवड्याला एक, जेवणाच्या पिशवीत, डब्याखाली. बायकोनं पहिल्याच आठवड्यात धरलं. "अहो, हे काय?" म्हटलं, "पुस्तक." "तुम्हाला येतं का वाचायला?" "नाही." "मला येतं का?" "नाही." "मग?" म्हटलं, "मग काय मग! पलंगाखाली सरकव." झालं. दर वर्षी पन्नास. चारशे, साडेतीनशे, तीनशे... थांबायचं कुठं सांगा? एखाद्या वर्षी आकडा तसाच राहिला तर मालक विचारणार, "काका, यंदा एकही नाही?" आणि परत डब्याची कडी! पलंगाखालची जागा भरली, पलंग वर उचलला गेला, मग पलंगाचे पायच काढून टाकले, पुस्तकांवरच फळ्या. बायको म्हणायची, "लग्न झालं तेव्हा जमिनीवर होते, तुमच्या पुण्याईनं आता शिडी लागते झोपायला."

आणि ऑडिटर? ते जुने होते, पोटानं आणि स्वभावानं दोन्हीनं मोठे. यायचे, बसायचे, "सगळं ठीक?" "ठीक." दिली सही. दुकानदारांची बिलं एकत्र यायची, पुस्तकं इतकी, पैसे इतके, कुठल्या पुस्तकाचे कोण बघतोय?

यंदा उरली होती शेवटची पन्नास. मी म्हटलं, नेऊन टाकावी, शून्य सांगावं, विषय मिटला. संपलं की सुटलो! काय माझी अक्कल! चाळीस वर्षं गोदामात काढली आणि एवढं कळलं नाही, की पुस्तकाच्या धंद्यात संपलं की सुरू होतं!

मी म्हटलं, "पाठमोरी, शून्य." मालक खुर्चीतून उठले. माझे दोन्ही हात धरले. "काका! संपली! दुसरी आवृत्ती! दोन हजार!"

दोन... हजार!

म्हटलं, "मालक, पैसा?" म्हणाले, "बँक देते ना! घर तारण ठेवतो, वर्षाचा अहवाल दाखवायचा, पहिली आवृत्ती संपल्याचा आकडा त्यात आला की काम फत्ते." घर! त्या घरात त्यांची म्हातारी आई आहे, कॉलेजातली मुलगी आहे! बोलावं तर दहा वर्षांचं खोटं उघडं पडतंय, न बोलावं तर त्यांचं घर जातंय. आणि वर्ष तर बंद करायचं होतं ना! सगळ्यांना घाई!

तर त्या वाऱ्याच्या दिवशी ऑडिटर आले... आले म्हणजे आल्या. जुने घरी बसले, त्यांची सून आता काम बघते. एवढीशी पोर, आवाज एवढासा, पण पेन्सिल अशी टोकदार! चहा नको म्हणाली. तेव्हाच मी समजलो, आज काही खरं नाही. जो माणूस चहा नको म्हणतो तो प्रत्येक पान उलटणार.

उलटलं. दुकानदारांची अकरा वर्षांची बिलं काढायला लावली, एकेका पुस्तकाची वेगळी यादी केली. दुपारी पेन्सिल कानामागं खोचून म्हणते, "सर, या कवितासंग्रहाच्या पाचशे प्रती छापल्या. शिल्लक शून्य. बिलं तीन प्रतींची. बाकीच्या चारशे सत्त्याण्णव गेल्या कुठं?"

मालक म्हणाले, "विकल्या गेल्या."

"बिल नाही सर."

"भेट दिल्या असतील."

"नोंद नाही सर."

"मग?"

त्या मुलीनं माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "मग चोरीला गेल्या म्हणायचं, सर."

चाळीस वर्षांत गोदामातली सुतळी घरी नेली नाही मी! म्हटलं, आता मालक माझ्याकडे वळणार, आता विचारणार... आणि मालक? तुम्हाला खोटं वाटेल! मालकांच्या डोळ्यांत पाणी. "चोरीला? माझ्या कविता?" उठले, येरझाऱ्या घालायला लागले. "पाचशे! अहो बाई, लोक स्वयंपाकाचं पुस्तक चोरत नाहीत, शब्दकोश चोरत नाहीत, कविता चोरतात! केवढा रसिक चोर! लिहा अहवालात, लिहा! मोठ्या अक्षरात लिहा!" ती म्हणे, "सर, पोलिसात तक्रार करावी लागेल." "करू! आणि त्या चोराचा सत्कारही करू! आणि काका, दोन नाही, आता तीन हजार छापू!"

तीन!

आता मात्र माझा बांध फुटला. म्हटलं, "मालक, चोर मी आहे. पुस्तकं माझ्या घरी आहेत. सगळी. मी त्यांच्यावर झोपतो."

वारासुद्धा थांबला हो क्षणभर.

मालकांनी आधी विचारलं काय, माहीत आहे? "काका, एवढी आवडली तुम्हाला?" मी म्हटलं, "मालक, मला वाचता कुठं येतं!" मग त्यांना हळूहळू उमगत गेलं. चेहऱ्यावरून एकेक वर्ष उतरताना दिसत होतं. साडेचारशे खोटं, चारशे खोटं, तीनशे खोटं... म्हणाले, "म्हणजे अकरा वर्षांत तीनच?" मी मान खाली घातली. "मग मला सांगितलं का नाही?" म्हटलं, "पहिल्या वर्षी सांगितलं होतं मालक. तुम्ही जेवला नव्हता."

मग ती पोर नाक ओढून म्हणते, "आजोबा, मला प्रत्यक्ष माल बघावा लागेल." बघा! रडू आलेलं असतानासुद्धा माल बघायचाय! वर्ष बंद करायचं होतं ना!

निघाली वरात माझ्या घरी. पुढं मी, मागं मालक, त्यांच्या मागं पेन्सिल. बायको दार उघडते तो ही फौज. "अहो, माणसं आणायची तर आधी सांगायची रीत आहे की नाही?" म्हटलं, "अगं, पलंग मोजायचाय." ती म्हणाली, "लांबी की रुंदी?" म्हटलं, "प्रती!" गादी काढली, फळ्या काढल्या, आणि निघाल्या पाठमोऱ्या बायका, रांगेनं, एकसारख्या, सगळ्या आमच्याकडं पाठ करून. त्या पोरीनं जमिनीवर बसकण मारून मोजल्या. चारशे सत्त्याण्णव. एकही कमी नाही! मला तेवढ्यातही जरा बरं वाटलं. चोरी असली तरी हिशेबाची होती.

मग म्हणे, "आता या मालाची किंमत काय धरायची?" मालक म्हणाले, "छापील किंमत आहे ना पाठीमागं." ती म्हणाली, "तशी नाही सर, आज विकायला गेलं तर जे येईल ते धरतात." आणि आमची बायको आतून ओरडते, "किलोवर घेतो रद्दीवाला! मी मागंच विचारून ठेवलंय!" अहो, मला धरणी पोटात घेईल तर बरं! पण मालक हसले. आधी थोडं, मग खूप, डोळे पुसून पुसून हसले. तिथल्या तिथं खिशातून बँकेचा अर्ज काढला आणि फाडला. घर वाचलं. मी मनातल्या मनात हात जोडले.

ऑडिटरबाईंनी मात्र काम पुरं केलं. माल ठेवण्याचं ठिकाण, गोदाम क्रमांक दोन. म्हणजे माझं घर! माझा अंगठा घेतला त्याच्यावर. आता सांगा, कंपनीच्या अहवालात माझा पलंग आला. पलंग हलवायचा तर मालकांची परवानगी, वर फळी टाकायची तर नोंद. बायको कुणी आलं की सांगते, "आम्ही कंपनीत झोपतो."

झालं ना सगळं? वर्ष बंद, घर वाचलं, माझी चोरी माफ. पण नाही! मालकांना वाटायला लागलं, एवढं ज्या माणसानं आपल्यासाठी केलं त्याला कविता काय आहेत ते कळायलाच पाहिजे! वाचता येत नाही म्हणून काय झालं, आपण वाचून दाखवू! आता दर रविवारी दुपारी दोनला गोदाम क्रमांक दोनची तपासणी. येतात, पलंगावर बसतात, खालून एक प्रत ओढतात आणि सुरू. आवाज असा खणखणीत, हात असे हवेत! मी ऐकतो. खरं सांगू, काही कळत नाही, पण मालक हल्ली डबा पुरा संपवतात, म्हणून ऐकतो. बायको पहिल्या पानाला घोरते, मालकांना वाटतं दाद देतेय.

आमच्या भिंतीपलीकडं एक बसवाला राहतो, ड्रायव्हर. रात्रपाळी करून येतो बिचारा आणि दुपारी झोपतो... झोपायचा. परवा रविवारी मालक गेले आणि तो दारात आला. डोळे लाल, केस उभे, खांद्यावर उशी. मी म्हटलं, "ये बाबा, बस." बसला नाही. मी त्याला सगळी हकीकत सांगितली, मोजणीपासून तारण घरापर्यंत, मी कसं वेळेवर तोंड उघडलं आणि तीन हजारांची छपाई कशी थांबवली. त्यानं सगळं ऐकून घेतलं, उशी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि म्हणाला,

"आजोबा, छापू द्यायची होती हो तीन हजार! छापलेली कविता निदान भिंतीतून ऐकू तरी येत नाही."